दारावरचे कार्ड आणि वाणसामानाचा हिशेब : अमेरिकेतील ‘वेअरहाऊस क्लब’चा इतिहास

वस्तू घेतली की पैसे द्यावे लागतात, यात नवल नाही. पण दुकानात शिरण्यासाठीच पैसे? कॉस्टको या अमेरिकी साखळीचे साधे वार्षिक सभासदत्व सप्टेंबर २०२४ पासून ६५ डॉलरला मिळते. तिथला स्वस्त माल सभासदांसाठीच असतो. तरीही अमेरिका आणि कॅनडातील दहापैकी नऊहून अधिक सभासद मुदत संपली की पुन्हा वर्गणी भरतात.

मग प्रश्न असा : वाणसामानाच्या खर्चात अशा कुटुंबांची खरोखर बचत होते, की बचत केल्याचे समाधान ती विकत घेतात? वरवर पाहता ही साधी वजाबाकी आहे. मात्र कोणता आकडा कोणत्या रकान्यात मांडायचा हे समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यावरील कॅलिफोर्नियात जावे लागते. हा थ्रेड त्याविषयी.

सॉल प्राइस हा सॅन डिएगोतील एक वकील. जन्म १९१६, न्यूयॉर्क. दुकानदारीशी त्याचा संबंध आला तो घरातल्या एका अडचणीमुळे. सासूबाईंच्या मालकीचे एक गोदाम रिकामे पडले होते आणि त्याला भाडेकरू हवा होता. त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये ‘फेडको’ नावाचे एक दुकान जोरात चालत असे. टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांनी उभारलेले हे दुकान फक्त सभासदांना माल विके. प्राइसने फेडकोला सॅन डिएगोत शाखा काढण्याविषयी विचारले. त्यांनी रस दाखवला नाही. तेव्हा १९५४ मध्ये त्याने स्वतःच ‘फेडमार्ट’ सुरू केले. ग्राहक कोण? सरकारी नोकर. सभासदत्वाची वर्गणी? २ डॉलर.

त्या काळाचा कायदा ध्यानात घेतल्याशिवाय या बंद दारामागचे अर्थकारण उलगडत नाही. १९३७ च्या मिलर-टायडिंग्स कायद्याने राज्यांच्या ‘फेअर ट्रेड’ कायद्यांना केंद्रीय संरक्षण मिळाले होते. ‘न्याय्य व्यापार’ हे नाव कानाला गोड असले तरी त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, आपल्या मालाची किमान किरकोळ किंमत उत्पादकाने ठरवायची आणि त्याखाली दुकानदाराने उतरायचे नाही. मंदीच्या काळात लहान दुकानदारांना बड्या साखळ्यांपासून वाचवण्याचा हा मार्ग होता. त्याची किंमत ग्राहक मोजत असे. १९७५ मध्ये संसदेने हे संरक्षण काढून घेतले. स्वस्त विक्रीचा मोठा अडसर दूर झाला आणि नेमक्या त्याच सुमारास प्राइसच्या हातून फेडमार्ट निसटले.

कंपनीतील मोठा हिस्सा ह्यूगो मान या जर्मन व्यावसायिकाने घेतला होता. मतभेद झाले आणि संस्थापकालाच बाहेर पडावे लागले. वयाच्या साठीत प्राइसने नवा डाव मांडला. १२ जुलै १९७६ रोजी सॅन डिएगोतील मोरेना बुलेव्हार्डवर, विमानांच्या जुन्या हँगरमध्ये, ‘प्राइस क्लब’ उघडला. सिमेंटची जमीन, वर उघडे छत, माल लाकडी पॅलेटवरून आला तसाच मांडलेला. सजावट नाही, पिशव्या नाहीत.

या दुकानाची मूळ कल्पना कुटुंबासाठी नव्हतीच, आणि आजच्या हिशेबातील अर्ध्या चुका हे विसरल्यामुळे होतात. प्राइस क्लब होता लहान व्यावसायिकांसाठी : कोपऱ्यावरचा दुकानदार, छोट्या उपाहारगृहाचा मालक, कचेरी चालवणारा. त्यांच्याकडून वर्षाला २५ डॉलर घेत. उपाहारगृहाच्या मालकाला तेलाचा मोठा डबा परवडतो, कारण तो आठवड्यात संपतो आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या बिलातून वसूल होते. चार माणसांच्या घरात तोच डबा महिनोन्‌महिने पडून राहतो.

पण व्यावसायिक पुरेसे आले नाहीत आणि पहिल्या वर्षी तोटा झाला. मग सरकारी कर्मचारी, पतसंस्थांचे सभासद अशा ठरावीक गटांना दार उघडण्यात आले. त्यांना वर्गणी नव्हती. फलकावरील घाऊक दरावर ५ टक्के जादा द्यावे लागत. या दोन वर्गांच्या अटी शेजारी ठेवल्या की एक सुंदर गणित हाती लागते. २५ डॉलर म्हणजे ५०० डॉलरच्या ५ टक्के. वर्षाला ५०० डॉलरहून कमी खरेदी असेल तर टक्केवारी स्वस्त, त्याहून अधिक असेल तर वर्गणी स्वस्त. सभासदत्वाचा प्रत्येक हिशेब आजही अशाच एका छेदबिंदूपाशी येऊन थांबतो.

कॉस्टकोचे महागडे सभासदत्व घ्या. ते १३० डॉलरचे आहे आणि पात्र खरेदीवर वर्षअखेर २ टक्के परत मिळतात. साध्या सभासदत्वाहून ६५ डॉलर जास्त. २ टक्क्यांनी ६५ डॉलर भरून निघायला ३,२५० डॉलरची खरेदी हवी, म्हणजे महिन्याला सुमारे २७१ डॉलर. त्याखालच्या कुटुंबाने वरच्या कार्डाच्या वाटेला जाऊ नये, इतके ते सरळ आहे.

साध्या कार्डाचा हिशेब मात्र फसवा आहे. समजा, क्लबमधील माल सरासरी १० टक्क्यांनी स्वस्त पडतो. मग ६५ डॉलर वसूल व्हायला नेहमीच्या दुकानातील ६५० डॉलरच्या मालाइतकी खरेदी पुरे. महिन्याला ५५ डॉलरही नाहीत. कोणतेही कुटुंब म्हणेल, एवढे तर होतेच! आता यात एकच गोष्ट मिसळा. १०० डॉलरचा माल ९० डॉलरला आणला आणि त्यातला दहावा भाग नासला किंवा शिळा होऊन कचऱ्यात गेला. म्हणजे ९० डॉलर देऊन ९० डॉलरचाच माल पोटात गेला. बचत शून्य, आणि वर्गणी वेगळी. स्वस्ताई २० टक्के असती तर तेवढीच नासाडी होऊनही शेकड्यामागे १० डॉलर हाती राहिले असते. म्हणून हिशेबात ‘आणलेला’ माल मांडायचा नाही, ‘संपलेला’ माल मांडायचा. साबण, कागदी रुमाल, डाळ-तांदूळ यांच्या बाबतीत दोन्ही आकडे एकच असतात. पालेभाजी, पाव आणि दही यांच्या बाबतीत नसतात.

ही स्वस्ताई येते कुठून, हा इतिहासाचा खरा गाभा. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये तीस हजारांच्या आसपास वस्तुप्रकार असतात. कॉस्टकोत सुमारे चार हजार. एखाद्या वस्तूचे आठ आकार ठेवण्याऐवजी एकच मोठा आकार ठेवायचा आणि ज्याला लहान हवा त्याचे गिऱ्हाईक सोडून द्यायचे, हे प्राइसचे तत्त्व. विक्रीतील असे नुकसान तो शहाणपणाचे मानत असे. प्रकार कमी म्हणजे माल लावणारे हात कमी, खरेदीतील घासाघीस मोठी, गोदामातील मुक्काम छोटा. त्याच्या हाताखाली फेडमार्टमध्ये पोरवयात गाद्या उतरवण्यापासून सुरुवात केलेल्या जिम सिनेगलने पुढे जेफ्री ब्रॉटमनबरोबर १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला कॉस्टको काढले. त्याच वर्षी ओक्लाहोमातील मिडवेस्ट सिटीत वॉलमार्टचा ‘सॅम्स क्लब’ उघडला. प्राइसकडून आपण पुष्कळ कल्पना उचलल्या, हे सॅम वॉल्टनने नंतर मोकळेपणाने मान्य केले. १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र झाले.

कॉस्टकोने नामांकित मालावर सुमारे १४ टक्के आणि स्वतःच्या ‘कर्कलंड’ छापाच्या मालावर १५ टक्के एवढीच वाढ लावायची, असा दंडक पाळला. मग पैसा कुठून? दारातून. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीला सभासद-वर्गणीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि तिचा व्यावसायिक नफा होता सुमारे ९.३ अब्ज. वर्गणी गोळा करायला खर्च जवळजवळ नाही. म्हणजे नफ्यातील निम्म्याहून अधिक भार या कार्डाने उचलला. दुकानदाराला तुमच्या साखरेवर चार पैसे जास्त काढण्यापेक्षा पुढच्या वर्षी तुम्ही परत येण्यात अधिक रस आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही व्यवस्था वाईट नाही. बऱ्याच दुकानांपेक्षा ती प्रामाणिकच म्हणावी लागेल. पण भरलेली वर्गणी मनात डाचते. एकदा दिलेला आणि परत न मिळणारा पैसा माणसाचे पुढचे निर्णय वाकवतो, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या आपल्या निबंधात मांडले. ‘पैसे भरलेत तर वसूल करू’ म्हणत जी ढकलगाडी भरते, तिच्यातील निम्म्या वस्तू यादीत नसतात.

इथे इंग्लंडची आठवण अपरिहार्य आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी रॉचडेल गावच्या टोड लेनवर अठ्ठावीस विणकर-कारागिरांनी २८ पौंडांच्या भांडवलावर दुकान उघडले : लोणी, साखर, पीठ, ओट. त्यांचाही माल सभासदत्वाच्या बळावर एकत्र आणलेला. मात्र वर्षाचा नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांनाच परत मिळे. कॉस्टकोचे २ टक्के दिसायला त्या लाभांशाचेच भावंड. पण रॉचडेलला परत मिळे तो मालकाचा वाटा होता, इथे मिळते ती गिऱ्हाइकाला दिलेली सूट. प्राइस क्लब उघडण्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिने रॉचडेलची वाट धरली : कुटुंबांचे गट, महिन्याची एकत्र मागणी, घाऊक खरेदी आणि वाटप सभासदांच्याच हातून. ना दुकान, ना हँगर.

वाटपाचे काम तिथे सभासद करतात, हे उघड दिसते. अमेरिकी क्लबमध्येही ते सभासदच करतो, फक्त दिसत नाही. प्राइसने दुकानाचा खर्च कमी केला म्हणजे त्यातील बराचसा गिऱ्हाइकाच्या घरी पाठवला. माल घरापर्यंत नेणे त्याच्या मोटारीवर आले. साठवण त्याच्या गॅरेजवर आणि मोठ्या फ्रीझरवर आली. आठवड्याऐवजी महिन्याचे पैसे आधी गुंतवणे त्याच्या पगारावर आले. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर पसरलेली उपनगरे, दोन मोटारींची घरे आणि प्रशस्त तळघरे नसती तर हा क्लब हँगरबाहेर पडला नसता. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरणाऱ्या, डाळींना एरंडेल चोळणाऱ्या मराठी घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. साठवणीची स्वस्ताई कणगी असलेल्याला मिळते. खोलीत पाय पसरायला जागा नसलेला माणूस शेरभर पिठावर जास्त दर देत आला आहे.

म्हणून कुटुंबाच्या वहीत वर्गणीखाली आणखी तीन ओळी हव्यात : दूरच्या फेरीचे पेट्रोल, फ्रीझरची वीज आणि अडकलेली रक्कम. हे सगळे आधीच असलेल्या, मुलेबाळे असलेल्या मोठ्या कुटुंबाची बचत होते, आणि चांगली होते. वाहनात पेट्रोलही क्लबच्याच पंपावर भरणाऱ्यांची तर अधिकच. एकट्या माणसाची किंवा वृद्ध जोडप्याची क्वचितच होते, औषधे किंवा चष्मा अशी एखादी मोठी खरेदी तिथे केली तर गोष्ट वेगळी.

आणि ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज, त्यांचे काय? प्राइस क्लबच्या आरंभीच्या गटांकडे पुन्हा पाहा : सरकारी नोकर, पतसंस्थेचे सभासद. म्हणजे नियमित पगार आणि न परतणारा धनादेश. स्वस्त दुकानाचे दार स्थिर उत्पन्नाच्या माणसाकडे पाहून बांधले गेले होते. त्याआधी तेराच वर्षे, १९६३ मध्ये, समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांचे ‘द पुअर पे मोअर’ हे पुस्तक आले होते. न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्न गटाच्या वसाहतींत फर्निचर आणि दूरचित्रवाणी संच उधारीवर घेणारी कुटुंबे किती जास्त किंमत मोजतात, हे त्यात दाखवले होते.

त्याच न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये २००९ साली कॉस्टकोचे दुकान उघडले. सरकारी अन्न-साहाय्यावर जगणाऱ्या वस्तीत हे दुकान येणार, पण त्या साहाय्याचे कार्ड तिथे चालणार नाही, यावरून आधीच टीका झाली होती. त्या वर्षी कंपनीने धोरण बदलले. न्यूयॉर्कमधील दुकानांत हे कार्ड चालू लागले आणि पुढे ती सोय इतरत्रही गेली. त्या कार्डावर आज तिथे तांदूळ, दूध आणि अंडी घेता येतात. सभासदत्वाची वर्गणी मात्र त्यातून भरता येत नाही. ती पदरच्या पैशांतून, आणि आधी भरावी लागते.