रूप, वेष आणि सोंग : पेण-रोह्याच्या परिसरातील एक शब्दविचार

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या मूर्तींची वर्णने भाषाभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहेत. कमरेवर हात ठेवलेला गणपती विठ्ठलरूप, मुरली व मोरपीस धारण करणारा कृष्णरूप. परंतु जिरेटोप घालून सिंहासनावर बसलेल्या गणपतीविषयी जुन्या वळणाच्या मराठीचा कल 'शिवाजी महाराजांच्या वेषातील' असे म्हणण्याकडे असतो. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. एका देवाने दुसऱ्याचे रूप घेणे अवतारकल्पनेत सहज सामावते. इतिहासातील मनुष्याचा मात्र वेषच घेता येतो, आणि वेषाच्या आत दुसरा कोणी आहे ही जाणीव त्या शब्दातच असते. तिसरा शब्द 'सोंग'. एकनाथांच्या भारुडांत सोंग हे लोकशिक्षणाचे प्रतिष्ठित साधन होते. पुढे त्याला ढोंगाची छटा आली, आणि सर्व सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, अशी म्हण रूढ झाली.

कोणते पात्र घ्यावे हा प्रश्न मराठी रंगभूमीपुढे आरंभापासून होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले. त्यांची नाटके पौराणिक. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ सालचे. देवादिकांकडून ज्ञात मनुष्याकडे येण्यास अठरा वर्षे लागली. गणेशोत्सवाच्या मेळ्यांतील मुलांनी पुढे मावळ्यांचा वेष घेतला, तेव्हा ही निवड रंगमंच सोडून रस्त्यावर आली.

पौराणिक पात्र निर्धोक व ऐतिहासिक पात्र धोक्याचे, असे सामान्यतः मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांनी कीचकाच्या ठायी कर्झन पाहिला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे महाभारताचे आच्छादनही अखेर फाटले. पण ते सुमारे तीन वर्षे टिकले. शिवाजी महाराजांच्या मुखाने बोलणाऱ्याला इतका अवधी मिळाला नाही. १८९६ साली रायगडावर, म्हणजे पेण व रोहे ज्या तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) मोडतात त्याच जिल्ह्यात, शिवोत्सव झाला. पुढील वर्षीच्या पुण्यातील उत्सवानंतर १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता प्रसिद्ध झाली. महाराज आजची दशा पाहून बोलत आहेत, अशी तिची कल्पना. जुलै अखेरीस टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा. मधल्या काळात २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती, हे त्या खटल्यामागचे मोठे कारण. तरीही कवितेतील बोलणारा कोण हा मुद्दा न्यायालयात गौण ठरला नाही. वेष घेणाऱ्याला वेषातील शब्दांचे उत्तर द्यावे लागले.

गणपतीच्या मूर्तीला असे उत्तर द्यावे लागत नाही, म्हणूनच बहुधा ऐतिहासिक वेष तिच्याकडे लवकर आला. पुण्यातील भाऊसाहेब रंगारी यांचा राक्षसाला मारणारा गणपती अजून पौराणिकच होता. १९४० नंतरच्या दशकात मुंबईत राष्ट्रीय नेत्यांच्या वेषातील गणपती बसले. पेण, हमरापूर व जोहे येथील कारागिरांच्या हाती या निवडीला साच्याचे रूप मिळते. साच्यात पगडी, आयुध व बैठक बदलते. सोंड, कान व उदर बदलत नाही. डोळ्यांची आखणीही गणपतीचीच राहते, नायकाची होत नाही. पात्र घेतले जाते ते एवढ्याच चिन्हांपुरते.

अलीकडे मात्र शब्दांची ही शिस्त सैल झाली आहे. २०१५ नंतर 'बाहुबलीच्या रूपातील' आणि २०२२ साली 'पुष्पा'च्या धर्तीचे गणपती झळकले. दुसऱ्या प्रकाराला भाविकांनी आक्षेपही घेतला. तो मूर्तीला होता, शब्दाला नव्हता. चित्रपटातील पात्राला 'रूप' बहाल झाले, आणि वृत्तपत्रे शिवरायांविषयीही आता तोच शब्द वापरतात.

रोह्यात नेमका उलट व्यवहार दिसतो. तेथील ग्रामदैवत धावीर महाराज. नावातील 'वीर' उघड आहे. दसऱ्यानंतरच्या पालखीच्या वेळी या देवाला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. येथे देव कोणाचा वेष घेत नाही. राज्यसंस्थाच त्याला वीराचा मान देते, आणि त्या मानासाठी कोणालाही सोंग घ्यावे लागत नाही.