मज्जारज्जूचे विद्युत्‌लेखन आणि वेदनेची भाषा

मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींमुळे अंबाजोगाई हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. आज स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९७० च्या दशकात निघाले. डोक्यावर उसाची मोळी वाहून मान व कंबर झिजलेला मजूर अशा रुग्णालयात येतो, तेव्हा 'नस दबली', 'पायाला मुंग्या येतात', 'आग होते' हे त्याचे शब्द हाच वैद्याच्या हाती आलेला पहिला पुरावा होय. या शब्दांना वगळून प्रत्यक्ष मज्जारज्जूचीच साक्ष काढता येईल काय, असा प्रश्न विसाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञांनी उपस्थित केला.

त्या प्रश्नाच्या मुळाशी एक जुनी संदिग्धता आहे. लोकभाषेतील 'शीर' किंवा 'नस' हा शब्द रक्तवाहिनी व चेतातंतू या दोहोंस लागतो. 'वेदना' हा शब्द तर 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून झालेला. बौद्ध ग्रंथांत त्यात सुखद जाणीवही येते. मराठीने मात्र त्याचा अर्थ दुःखापुरता आकुंचित केला. जाणणाऱ्यावाचून वेदना नाही, हे शब्दाच्या व्युत्पत्तीतच आहे. यंत्राची अडचणही नेमकी हीच ठरली.

अर्लँगर व गॅसर यांनी १९२२ मध्ये कॅथोड-किरण नलिकेच्या साहाय्याने चेतातंतूंतील क्षणिक प्रवाह दृष्टीस आणला. जाड तंतूंतून संदेश सेकंदास पन्नास-साठ मीटर वेगाने धावतो, तर वेदना वाहणाऱ्या अतिसूक्ष्म 'सी' तंतूंतून सुमारे एक मीटर, हा भेद त्यांच्या कार्यातून पुढे स्पष्ट झाला व १९४४ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. गॅसर यांनीच हेलन ग्रॅहम यांच्यासह १९३३ मध्ये मांजराच्या मज्जारज्जूच्या पृष्ठभागावरील विद्युत्‌लहरींची नोंद प्रसिद्ध केली. मनुष्याच्या बाबतीत हे धाडसाचे काम होते. १९५१ मध्ये मॅग्लॅडरी व त्यांचे सहकारी यांनी मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुईसारखे विद्युदग्र घालून नोंद घेतली. १९७१ मध्ये जपानातील शिमोजी प्रभृतींनी आवरणाबाहेरूनच ती घेतली. तत्पूर्वी लंडनमध्ये डॉसन यांनी अनेक क्षीण प्रतिसाद एकत्र करून त्यांची सरासरी काढण्याची युक्ती शोधली होती. तिच्या बळावर क्रॅको यांनी १९७३ मध्ये केवळ पाठीच्या त्वचेवरून मज्जारज्जूचा प्रतिसाद टिपला. सुईचे भय संपले. साध्या रुग्णालयातही ही तपासणी शक्य झाली.

तथापि या यशात एक न्यून राहिले व ते किरकोळ नव्हे. त्वचेवरून दिलेला विजेचा सौम्य झटका प्रथम जाड तंतूंनाच उद्दीपित करतो. स्पर्शाचा मार्ग कोठे खंडित झाला हे आलेख उत्तम सांगतो. मज्जारज्जूवर दाब असल्यास त्याचे मोल फार मोठे. परंतु मधुमेहात वा नागिणीनंतर केवळ सूक्ष्म तंतू बिघडले असतील, तर रुग्ण रात्रभर तळमळतो आणि कागदावर 'सामान्य' असा शेरा उमटतो. शेऱ्याचा अर्थ 'जाड तंतू शाबूत' एवढाच. तो 'दुखणे मनाचे आहे' असा वाचला जातो, तेव्हा अन्याय यंत्राकडून होत नाही, वाचणाऱ्याकडून होतो. अलीकडचे कार्यही हीच मर्यादा दाखविते. वेदनाशमनासाठी मज्जारज्जूस विद्युत्-उद्दीपन देण्याचा उपचार शीली यांनी १९६७ मध्ये सुरू केला. असे उद्दीपन चालू असता मनुष्याच्या मज्जारज्जूत उमटणारा प्रतिसाद ऑस्ट्रेलियातील पार्कर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, व पुढे त्यावरून उद्दीपनाची मात्रा आपोआप राखता येऊ लागली. येथेही मोजला जातो तो प्रामुख्याने जाड तंतूंचा प्रतिसाद.

१९६५ मध्ये वॉल यांच्यासह मज्जारज्जूतील 'द्वारा'चा सिद्धांत मांडणारे मेल्झॅक पुढे शब्दांकडे वळले, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत लावलेली आहेत. फ्रान्समध्ये २००५ मध्ये सिद्ध झालेल्या डीएन-४ प्रश्नावलीत दहा बाबी असून चार वा अधिक गुण पडल्यास दुखणे चेताजन्य असण्याचा संभव मानतात.

या प्रश्नावलीत झिणझिण्या, सुया टोचल्याची जाणीव आणि बधिरता यांस तीन निरनिराळे गुण आहेत. मराठवाड्यातील बोलण्यात मात्र 'मुंग्या' हा एकच शब्द पहिल्या दोहोंस सहज पुरतो आणि पुष्कळदा तिसऱ्याचीही चाहूल देतो. रुग्ण 'मुंग्या' म्हणाला, वैद्याने एकाच चौकटीत खूण केली, की दोन गुण जागच्या जागी गळतात. विजेचा आलेख सामान्य असेल तर ते भरून काढण्यास दुसरे काही उरत नाही. 'मुंग्या कशा? चालणाऱ्या की चावणाऱ्या? आणि त्या जागी हात लावलेला कळतो काय?' एवढे तीन प्रश्न अधिक विचारले, तर त्या चौकटी भरतात किंवा रिकाम्या असल्याची खात्री पटते.