गोठलेल्या जमिनीचा भूगोल : सायबेरियाच्या अभ्यासाची प्रस्तावना

याकूतिया हा रशियाचा एकच प्रांत सुमारे 31 लाख चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या देशापेक्षा थोडासाच लहान. तिथे राहतात जेमतेम दहा लाख माणसे. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या याहून अधिक होती. उरल पर्वतापासून पॅसिफिक महासागरापर्यंत पसरलेल्या सायबेरियाचा हा चौथा हिस्सासुद्धा नाही. एवढा मोठा आणि एवढा विरळ वस्तीचा प्रदेश समोर आला की वाचक त्याला एकच नाव आणि एकच रंग देऊन मोकळा होतो. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने पहिली सोडायची सवय हीच.

सायबेरिया नेमका कुठे संपतो, यावर रशियातही एकमत नाही. शासनाने पाडलेला ‘सायबेरियन’ विभाग भूगोलातल्या सायबेरियापेक्षा बराच लहान आहे. याकूतिया त्यात मोडत नाही. बुर्यातिया आणि बैकाल सरोवरापलीकडचा झाबायकाल्स्की प्रदेश 2018 च्या नोव्हेंबरमध्ये त्यातून काढून अतिपूर्व विभागाला जोडले गेले. अशा रेषा आदेशाने सरकतात. म्हणून माझ्या मते विद्यार्थ्याने प्रांतांची यादी बाजूला ठेवावी आणि दोन प्रश्न हाती धरावेत : इथले पाणी कुठे जाते, आणि पायाखालची जमीन गोठलेली आहे का?

पाण्याचे उत्तर तीन नद्या देतात. ओब, येनिसेई आणि लेना दक्षिणेकडच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेला आर्क्टिक महासागराकडे जातात. वसंतात वरच्या, दक्षिणेकडच्या पात्रातला बर्फ आधी फुटतो, त्या वेळी खालचे पात्र अजून घट्ट गोठलेले असते. वाहत आलेले हिमखंड तिथे अडून बांध तयार होतो आणि पाणी काठ सोडते. 2001 च्या मे महिन्यात लेनाकाठचे लेन्स्क गाव अशाच पुराने उद्ध्वस्त झाले. येनिसेईच्या पश्चिमेला जमीन इतकी सपाट आहे की पाण्याला वाट सापडत नाही. तिथली वास्युगान दलदल स्वित्झर्लंडहून मोठी आहे. याच मैदानात 1965 मध्ये सामोतलोर तेलक्षेत्राचा शोध लागला आणि रशियाचे अर्थकारण पालटले.

येनिसेई ओलांडली की भूमी उंचावते. येनिसेई आणि लेना यांच्यामधल्या पठारावर, सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थरांवर थर साचले. भूशास्त्र त्यांना ‘सायबेरियन ट्रॅप्स’ म्हणते. ‘डेक्कन ट्रॅप्स’च्या, म्हणजे आपल्याच बेसाल्टच्या मुलखात वाढलेल्या अभ्यासकाला पुतोराना पठाराचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे परके वाटणार नाहीत. काळ मात्र फार वेगळा आहे : आपले बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे. सायबेरियातल्या त्या उद्रेकांचा संबंध पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या जीवसंहाराशी जोडला जातो, आणि नोरिल्स्कचे निकेल व तांबे हीसुद्धा त्याच मॅग्माची देणगी आहे.

आता दुसरा प्रश्न. तो मला अधिक मोलाचा वाटतो. याकुत्स्क शहरात फ्योदोर शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने 1828 मध्ये पाण्यासाठी विहीर खोदायला घेतली. 1837 पर्यंत ती 116 मीटर खोल गेली, तरी खाली गोठलेलीच जमीन लागत होती. पाणी मिळाले नाही, पण एका विज्ञानशाखेला आधार मिळाला : 1840 च्या दशकात मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने त्याच विहिरीत उतरत्या खोलीवरची तापमाने मोजली. पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षे न वितळणारी जमीन. याकूतियात काही ठिकाणी ती दीड किलोमीटरपर्यंत जाड आहे.

या गोठलेल्या थराचे काम समजले की पूर्व सायबेरिया उलगडू लागतो. याकुत्स्कला वर्षाकाठी जेमतेम 240 मिलिमीटर पाऊस व हिम मिळून पडते. आपल्या माणदेशातही याहून अधिक पाऊस पडतो. तरीही तिथे अरण्य आहे, कारण उन्हाळ्यात वरचा पातळ थर सैल होतो आणि खालचा बर्फ पाणी मुरू देत नाही. उथळ मुळांचा लार्च वृक्ष त्याच ओलीवर जगतो. सूचिपर्णी असूनही तो हिवाळ्यात पाने गाळतो. जिथे भूमीतला बर्फ वितळून जमीन खचते तिथे आधी तळे होते, पुढे तळे आटून कुरण उरते. याकूतियातले साखा लोक या कुरणांना ‘आलास’ म्हणतात. त्यांवरच्या गवताच्या जोरावर त्यांनी माणसांची वस्ती असलेल्या जगातल्या सर्वांत कडक थंडीत घोडे आणि गाई राखल्या. वेर्खोयान्स्कला 1892 मध्ये उणे 67.8 अंश तापमान नोंदले गेले होते, आणि 20 जून 2020 रोजी तिथेच पारा 38 अंशांवर गेला. तिथून जवळच, जंगलतोडीनंतर खचू लागलेली बातागाइका दरी दरवर्षी रुंदावते आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्याला या जमिनीकडे पाठ फिरवून चालणार नाही.

हा प्रदेश ज्यांनी लिहून ठेवला त्यांचाही परिचय करून घ्यायला हवा. तोबोल्स्कच्या सेम्यॉन रेमेझोवने 1701 मध्ये सायबेरियाचा नकाशासंग्रह पुरा केला. त्यातही वाटा दाखवणाऱ्या मुख्य रेषा नद्यांच्याच. दोन शतकांनी बोगोराझ आणि योखेलसन हे झारच्या राजवटीने हद्दपार केलेले क्रांतिकारक कोलीमा परिसरात मानववंशशास्त्रज्ञ झाले. चुकची आणि युकागीर लोकांवरचे त्यांचे ग्रंथ आजही पायाभूत आहेत. पण बाहेरून आलेल्यांवरच थांबू नये. गाव्रील क्सेनोफोन्तोव हा साखा इतिहासकार आपल्याच लोकांच्या परंपरा गोळा करून त्यांचा इतिहास मांडत होता. त्याला 1938 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. त्याचे नाव इथल्या विद्यार्थ्यापर्यंत अजून पोचलेले नाही, याची मला खंत आहे.

आपला सायबेरियाशी येणारा संबंध बहुधा पक्ष्यांपुरता असतो, आणि तिथेही गोंधळ आहे. उजनीचे रोहित पक्षी सायबेरियातून येतात असे सर्रास छापले जाते. ते मुख्यतः कच्छकडून येतात. नांदूर मध्यमेश्वरला उतरणारी थापट्या आणि तलवार बदकांसारखी बदके मात्र खरोखर त्या उत्तरेकडच्या दलदलींशी जोडलेली आहेत. भारतात वाळे घातलेली बदके सायबेरियात सापडल्याच्या नोंदी आहेत.

ज्याला या वाटेने पुढे जायचे आहे त्याने प्राकृतिक नकाशा घ्यावा आणि लेना नदी उगमापासून मुखापर्यंत एकदा बोटाने नीट चालून जावी. त्यानंतर रशियन भाषा शिकावी. गोठलेल्या जमिनीवरचे फार मोठे मूळ लेखन त्या भाषेत आहे, आणि ती पुणे व मुंबई या दोन्ही विद्यापीठांत शिकवली जाते. भूगोलाच्या पदवीधरांनी त्या वर्गांत नाव नोंदवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.