अन्नाची ॲलर्जी, तान्ह्या बाळांतील

अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध बाळाच्या प्रतिकारयंत्रणेने केलेली प्रतिक्रिया. गाईचे दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोड, गहू, सोया, तीळ व मासे हे त्यामागचे नेहमीचे पदार्थ. दुधाची व अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. शेंगदाण्याची बहुधा टिकते.

तत्काळ प्रकारात खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात. घरोघरी अशा वेळी आमसुलाचे पाणी लावतात. त्याने आतली प्रतिक्रिया थांबत नाही, म्हणून लक्ष बाळाच्या श्वासावर आणि हुशारीवर हवे. घसा आवळतो आहे हे बाळ सांगू शकत नाही. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, घोगरे रडणे, एकाएकी पांढरे पडणे किंवा अंग सैल सोडणे ही ॲनाफिलॅक्सिसची चिन्हे होत. त्यावरचे पहिले औषध ॲड्रेनलिन : मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ॲलर्जीचे सिरप त्याची जागा घेत नाही. बाळाला आडवे ठेवून विनाविलंब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

उशिरा दिसणाऱ्या प्रकारांत अशा गांधी बहुधा उठत नाहीत. त्यांतल्या एकात अंगावर पिणाऱ्या, एरवी खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. तेव्हा स्तनपान न थांबवता, डॉक्टरांच्या सल्ल्याने आईच्या आहारातून दूध वगळून पाहतात. गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे देण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण त्यांतील प्रथिने इतकी सारखी असतात की तो बहुधा निरुपयोगी ठरतो.

निदानात बाळाने काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले, ही हकीकत सर्वांत मोलाची. त्वचेची किंवा रक्ताची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, एवढ्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. केवळ अहवाल पाहून वाढत्या बाळाचे डझनभर पदार्थ तोडणे हे कुपोषणाला आमंत्रण आहे. शंका उरल्यास तो पदार्थ रुग्णालयात, देखरेखीखाली चढत्या मात्रेने देऊन पाहतात.

प्रतिबंधाबाबतचा विचार मात्र पार उलटला आहे. २००० साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचवले होते. २००८ मध्ये ती भूमिका सोडण्यात आली. त्याच वर्षी गिडियन लॅक व सहकाऱ्यांनी दाखवले की, ब्रिटनमधील ज्यू मुलांत ही ॲलर्जी इस्राएलमधील मुलांच्या सुमारे दसपट होती. इस्राएलची बाळे पहिल्याच वर्षी ‘बांबा’ हा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खात. पुढे ‘लीप’ चाचणीत (२०१५) तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे घेतली. त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी आढळली, खाणाऱ्यांत केवळ १.९ टक्के.

ज्या स्वयंपाकघरात कुटाचा डबा कायम भरलेला असतो, तिथे हे अमलात आणणे सोपे आहे. उष्टावणानंतर, सुमारे सहाव्या महिन्यापासून, अगदी बारीक कूट मऊ भातात किंवा नाचणीच्या खिरीत कालवून चिमूटभर द्यावे. अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. तीव्र इसब किंवा आधीची ॲलर्जी असल्यास सुरुवात डॉक्टरांना विचारून करावी. मानवलेला पदार्थ मध्येच सोडू नये. ‘लीप’मधील खाणाऱ्या मुलांना आठवड्यातून किमान तीनदा मिळून सहा ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन पाच वर्षांची होईपर्यंत दिले जात होते.