सर्कलची गाठ

डाउनटाउनच्या पश्चिमेला केनेडी, डॅन रायन आणि आयझेनहावर हे महामार्ग जिथे भेटतात, तिथे कधी अडकून बसला नाही असा शिकागोकर मराठी माणूस विरळाच! २०१४ पासून या जागेचं नाव ‘जेन बर्न इंटरचेंज’ आहे, शहराच्या पहिल्या महिला महापौरांवरून. जुनी मंडळी मात्र अजून ‘सर्कल’च म्हणतात.

डॅनियल बर्नहॅमच्या १९०९ च्या आराखड्यात काँग्रेस आणि हॉल्स्टेड रस्त्यांच्या चौकात घुमटाचं भव्य नागरी केंद्र होतं. ते कधीच उभं राहिलं नाही. तिथे पुढे काँक्रीटचा हा विळखा पडला. काँग्रेस एक्स्प्रेसवे, म्हणजे आजचा आयझेनहावर, बांधताना शिकागोतल्या सुमारे १३,००० लोकांची घरं गेली आणि ४०० हून अधिक व्यवसाय उठले. हॉल्स्टेडवरची ग्रीक वस्ती विस्कटली. उरलंसुरलं विद्यापीठाने घेतलं. १९६५ साली उघडलेल्या त्या कॅम्पसला नावही इंटरचेंजवरूनच मिळालं, ‘शिकागो सर्कल’. आपली मुलं जिथे शिकतात ते यूआयसी हेच.

मूळ रचनेतला दोष साधा होता. रॅम्प एका लेनचे, वळणं घट्ट, आणि वाहनं रोज सुमारे चार लाख. रॅम्पची रांग मागे मुख्य रस्त्यापर्यंत येई आणि सरळ जाणाराही अडके. मालवाहू ट्रकांसाठी ही देशातल्या सर्वांत वाईट कोंडींपैकी एक ठरली होती. थांबलेल्या ट्रकचं डिझेल आणि ड्रायव्हरचा वेळ शेवटी कोणाच्या खिशातून जातो? डेव्हॉनवर तूरडाळ घेणाऱ्या आपल्याच!

२०१३ मध्ये पुनर्रचना सुरू झाली. दोन लेनचा नवा उड्डाणरॅम्प २०१६ अखेर खुला झाला, पण यूआयसीजवळची आधारभिंत सरकू लागली आणि काम रेंगाळलं. चार वर्षांचं काम डिसेंबर २०२२ मध्ये संपलं, सुमारे ५३.५ कोटी डॉलरचा अंदाज ८० कोटींवर गेला.

राज्याच्या वाहतूक खात्याचा अंदाज असा, की कोंडी निम्म्याने घटेल आणि वर्षाला ५० लाख तास, म्हणजे १८.५ कोटी डॉलर वाचतील. तो खरा ठरला तर साडेचार वर्षांत पैसे वसूल. हिशेब मला पटतो, पण त्यात फक्त गाडीत बसलेल्यांचा वेळ मोजलेला आहे. उठलेल्या त्या ४०० व्यवसायांसाठी त्यात रकानाच नाही.

मार्च २०२३ मध्ये उत्तरेला केनेडीची दुरुस्ती सुरू झाली, आणि ओ’हेअरला पाहुणे आणायला निघालेले आपण पुन्हा रांगेत!