पाईपला करंट कशाला? एका फजितीची 200 वर्षं जुनी गोष्ट

आमच्या भागातून गॅसची पाईपलाईन गेलीय. तिच्या कडेने ठराविक अंतरावर बुटके खांब आहेत, आत वायरी. परवा चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याने विचारलं, "भाऊ, जमिनीतल्या पाईपला करंट कशाला देतात?" उत्तर शोधताना थेट 1824 साली पोचलो.

तेव्हा ब्रिटिश नौदलाची जहाजं लाकडी होती. लाकूड पोखरणारे किडे आणि बुडाला चिकटणारं शेवाळ-शिंपले यांच्यापासून वाचायला बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत. पण खारं पाणी तांबंही खायचं, आणि तो खर्च मोठा. नौदलाने शास्त्रज्ञांना साकडं घातलं. काम घेतलं सर हंफ्री डेव्हीने. खाणकामगारांचा सुरक्षित दिवा बनवणारा तोच.

डेव्हीने ओळखलं की धातूची ही झीज विजेचा खेळ आहे. तांब्याला जस्ताचा किंवा बिडाचा तुकडा जोडला, की झिजायचं काम तो तुकडा करतो आणि तांबं वाचतं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या 150 व्या भागाइतका तुकडासुद्धा पुरत होता! हा प्रयोग ज्या जहाजांवर झाला, त्यांत 'समरंग' होतं, आपल्याकडे कोचीनला बांधलेलं. ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आलं. तांबं शाबूत.

मग इतर जहाजांवर घोटाळा झाला. तांबं झिजत होतं, म्हणून त्याचा विषारी अंश पाण्यात उतरून शेवाळ-शिंपल्यांना दूर ठेवत होता. झीज थांबली, तसं बूड शेवाळाने भरलं आणि जहाजं मंदावली. काही वर्षांत नौदलाने ते तुकडे काढायला लावले. डेव्हीची टिंगल झाली. 1829 मध्ये तो गेला.

शास्त्र मात्र बरोबर होतं. 1928 मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून या इंजिनिअरने गॅसच्या लांब पाईपलाईनला बाहेरून डीसी करंट देऊन ती गंजण्यापासून वाचवली. लोखंड गंजतं तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन निघून जातात. बाहेरून ते पुरवत राहिलं की लोखंड टिकतं. पाईपचं व्होल्टेज उणे 0.85 किंवा त्याहून खाली हवं, हा कूनचा आकडा आजही वापरात आहे. हे मोजायला तांबं आणि मोरचुदाचा इलेक्ट्रोड जमिनीवर टेकवतात.

ते बुटके खांब याच मोजणीसाठी. आतली वायर कुणी भंगारात विकली, तर तिथली मोजणी बंद. मग खाली संरक्षण चालू आहे की पाईप गंजतोय, वर उभ्या माणसाला कळणार कसं? गॅस गळेल तेव्हा शेत आपलं, घर आपलं.

लोखंडी बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात, तीही डेव्हीचीच युक्ती. त्यांवर हौसेने रंग फासला की ते निकामी. गीझरच्या टाकीतली मॅग्नेशियमची कांडीही तशीच. ती संपली की पुढचा नंबर टाकीचा.

म्हणजे हे "एकदा बसवलं, झालं" असं काम नाही. वेळोवेळी मोजावं लागतं, झिजलेलं बदलावं लागतं. आपल्याकडे उद्घाटनाला मंडप पडतो, मोजणीच्या वहीकडे कुणी बघत नाही.

तुमच्या शिवारात असे खांब असतील तर बघून या. दार तुटलंय, वायरी लोंबताहेत, तर हात न लावता फोटो काढा आणि खांबावरच्या नंबरवर कळवा. इथे कमेंटमध्येही टाका, पाठपुरावा आपण करू.