चवीपुरते मीठ

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला आणि सांगितले, मीठ निम्मे करा. लोणचे, पापड, खारी सुकी मासळी बंद. घरी येताना मनात आले, ज्या मिठासाठी आपल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेच आता मी ताटातून बाजूला सारायचे?

श्रोतेहो, मिठात सोडियम असते. शरीरातल्या पाण्याचा तोल राखायला, स्नायूंना, मज्जातंतूंना ते लागतेच. घामावाटे ते निघून जाते. उन्हात राबणाऱ्याला मीठ केवळ चवीसाठी नको असते.

इंग्रजांनी याच गरजेवर जबर कर लादला. करचुकवे मीठ येऊ नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच भागात काटेरी कुंपण वाढवले. १८६९च्या सुमारास ही रेषा सुमारे २,३०० मैलांची होती. पहाऱ्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे. १८७९मध्ये ती उठली. कर मात्र राहिला.

श्रीमंत काही गरिबापेक्षा जास्त मीठ खात नाही. म्हणून हा कर गरिबालाच अधिक जाचे. गांधीजींनी हे ओळखले आणि ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचलले. त्यांना अटक झाल्यावर धारासनाची मोहीम शहात्तर वर्षांच्या अब्बास तय्यबजींनी हाती घेतली. तेही पकडले गेले, तेव्हा सरोजिनी नायडू पुढे झाल्या. २१ मे रोजी तिथे सत्याग्रहींनी हात न उचलता डोकी फोडून घेतली. आपल्याकडे वडाळा आणि शिरोड्याच्या मिठागरांवरही लोक चालून गेले. अखेर १९४७मध्ये कर गेला.

आज मीठ स्वस्त आहे. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोडियम फार झाले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढतो. हृदय, मेंदू, मूत्रपिंडे यांना धोका वाढतो.

आम्ही आमटीतले मीठ कमी केले. मग लक्षात आले, पाव, फरसाण, सॉस, पाकिटातल्या शेवया यांतून ते न सांगता येतच होते. माझ्या पोटात किती मीठ जावे, हे पूर्वी सरकार ठरवी. आता कारखाना ठरवू लागला आहे.

दांडीला लोकांनी मीठ स्वतःच्या हातात घेतले. मी दुकानात पाकीट उलटे करून सोडियमचा आकडा वाचतो आणि बरेचदा ते परत ठेवतो. ज्यांनी मिठासाठी मार खाल्ला, त्यांच्या मिठाला जागायचे ते असे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)